दहा मार्कांची नीती

आमच्याकडे दर रविवारी एक भावी कलेक्टर जेवायला येतो. सध्या तो सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत एका खुर्चीला खिळलेला असतो, आणि आठवडाभर मेसच्या पोळ्यांनी केलेल्या अन्यायाचा सूड रविवारी आमच्या पोळ्यांवर उगवतो. नात्याने तो सौ.च्या थोरल्या बहिणीच्या मुलीचा मुलगा. हे नाते मला कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय लागत नाही. सौ.ला ते एका दमात म्हणता येते आणि त्याच दमात श्रीखंडाची दुसरी वाटीही भरता येते. तो मला नुसते आजोबा म्हणतो आणि तिला मावशीआजी. म्हणजे हाकेतसुद्धा तिच्या वाट्याला दोन नाती आणि माझ्या वाट्याला एकच.

मागच्या महिन्यात असाच एका रविवारी तो जेवत होता. दुसरी पोळी संपवून तिसरीला हात घालता घालता त्याने विचारले, “आजोबा, मॉरल्स आणि एथिक्स यांत फरक काय?”

मला ठसका लागला. आमच्या काळी मुले जेवताना असले प्रश्न विचारत नसत. खरे म्हणजे जेवल्यावरही विचारत नसत.

“किती मार्कांना आहे?” मी विचारले. उत्तर येत नसले की मी आधी किंमत विचारतो. बँकेतली सवय.

“दहा. दीडशे शब्दांत.”

ज्यांच्या घरी भावी कलेक्टर नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०१३ सालापासून यू.पी.एस.सी.च्या मुख्य परीक्षेत एथिक्सचा एक स्वतंत्र पेपर असतो, अडीचशे मार्कांचा. नीती, सचोटी वगैरे त्यात लेखी विचारतात. कौटिल्याने अर्थशास्त्रात सरकारी पैसा गिळण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेवले, त्यालाही अशी परीक्षा घ्यायचे सुचले नव्हते. लेखी परीक्षेत सचोटीला किती मार्क पडतात आणि ते मार्क पुढे खुर्चीवर बसल्यावर किती दिवस टिकतात याविषयी मला शंका आहेत. पण पोरगा मनापासून अभ्यास करतो आहे, उगाच त्याच्या पोळीत खडा कशाला टाका?

“तुझ्या पुस्तकात काय दिलंय?”

“मॉरल्स ही माणसाची स्वतःची असतात आणि एथिक्स ही समाजाची किंवा व्यवसायाची. मॉरल्स आतून येतात, एथिक्स बाहेरून.” हे त्याने तोंडात घास ठेवून म्हटले, तरी एकही जोडाक्षर गळले नाही. पाठांतर उत्तम. आम्ही शाळेत मधोमध उभी रेघ मारून ‘फरक स्पष्ट करा’ लिहायचो – डावीकडे स्थायू, उजवीकडे द्रव – तसलाच प्रकार.

“मग झालं की! विचारतोस कशाला?”

“हे सगळेच लिहितात हो. उदाहरण पाहिजे. खऱ्या आयुष्यातलं उदाहरण दिलं तर पेपर तपासणाऱ्यावर इम्प्रेशन पडतं. तुम्ही बँकेत अडतीस वर्षं काढलीत. एखादं तरी असेल ना?”

सौ.ने आमटीची पळी हवेतच थांबवून माझ्याकडे पाहिले. मी ताकाची वाटी तोंडाला लावली. उदाहरण होते. एकच होते, पण अस्सल होते, आणि ते त्या क्षणी माझ्यासमोर बसून तिसरी पोळी खात होते.

“जेवण झाल्यावर सांगतो,” मी म्हणालो.

जेवण झाल्यावर अर्थातच मी सांगितले नाही. वामकुक्षीचे निमित्त करून आत गेलो आणि कपाटातले जाडे कोश काढले. विद्वत्तेच्या आडोशाला जाण्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. तिथे निघाले भलतेच. सिसेरो नावाच्या रोमन वक्त्याला ग्रीक ‘एथिकोस’ या शब्दासाठी लॅटिनमध्ये शब्द हवा होता. तो मिळेना, म्हणून त्याने चालरीत या अर्थाच्या ‘मोस’ या शब्दावरून ‘मोरालिस’ असा नवा शब्द पाडला. म्हणजे मुळात बाई एकच. माहेरचे नाव एथिक्स आणि सासरचे मॉरल्स. आणि आता दोन हजार वर्षांनी आम्ही सदाशिव पेठेत बसून तिच्या माहेरच्या आणि सासरच्या नावांत फरक काय ते दहा मार्कांना विचारतो आहोत!

आपल्याकडे तर सगळ्याला मिळून नीती हा एकच शब्द. तोही काही फार सोवळा नाही. ‘नी’ म्हणजे नेणे. जी नेते ती नीती. कुठे नेते ते विचारू नये. पंचतंत्र स्वतःला नीतिशास्त्र म्हणवते, आणि विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत राजपुत्रांना जे शहाणपण शिकवले त्यातले निम्मे कोल्ह्यांकडून घेतलेले आहे. हे मी बाहेर येऊन उत्साहाने सांगितले. पोराने वहीत एक ओळ लिहिली, खोडली आणि म्हणाला, “उदाहरण, आजोबा.”

मी वकिलाचे दिले. अशील गुन्हेगार आहे असे वकिलाला स्वतःला वाटले, तरी त्याचा बचाव करणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे बार कौन्सिलचे नियमच सांगतात. “हे सगळ्यांच्या नोट्समध्ये आहे,” तो म्हणाला. मी डॉक्टरचे दिले. तेही होते. शेवटी मी म्हटले, “पुढच्या रविवारी सांगतो.” कर्ज मागायला आलेल्या माणसाला मी अडतीस वर्षे हेच सांगत आलो आहे.

आता ते उदाहरण तुम्हाला सांगायला हरकत नाही. का हरकत नाही तेही ओघात येईल. मात्र गावाचे नाव सांगणार नाही. कृष्णाकाठचे एक तालुक्याचे गाव, एवढ्यावर भागवा. त्या गावातल्या एका दुकानदाराची ही गोष्ट आहे आणि दुकान भांड्यांचे होते असे मी लिहिणार आहे. भांड्यांचे नव्हते, इतपत खरे.

मी १९७३ साली बँकेत लागलो. १९६९च्या जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७० साली त्यासाठी जो कायदा झाला, त्याच्या तेराव्या कलमात गुप्ततेची बाब आहे. बँकेत येणाऱ्या प्रत्येकाने कामाला लागण्यापूर्वी एका छापील प्रतिज्ञेवर सही करायची, की ग्राहकांचे व्यवहार मी बाहेर फोडणार नाही. पहिल्या दिवशी मी अशा अकरा-बारा कागदांवर सह्या केल्या. त्यातला एक सायकल स्टँडचाही असावा. वाचला एकही नाही. मनुष्य वाचून सह्या करू लागला तर नोकऱ्याही होणार नाहीत आणि लग्नेही.

तो कागद मला खऱ्या अर्थाने भेटला तो सी.ए.आय.आय.बी.च्या परीक्षेच्या वेळी. ही बँकवाल्यांची परीक्षा. तिच्यात पास झाले की पगार थोडा वाढे, म्हणून आम्ही सगळे रात्री जागून तिचा अभ्यास करत असू. तिच्यात टूर्निए नावाचा एक विलायती मनुष्य ठाण मांडून बसलेला होता. साहेबाने बँकेचे काही देणे थकवले होते – रक्कम दहा पौंडांच्या आतली. हप्ते बांधून दिले, तेही चुकवले. मॅनेजरने त्याच्या घरचा पत्ता हवा म्हणून तो जिथे नवीन नोकरीला लागला होता तिथे फोन केला, आणि बोलता बोलता सांगून टाकले की बाबा, या गृहस्थाचे खाते थकलेले आहे आणि याचे पैसे रेसच्या बुकीकडे जातात. टूर्निएची नोकरी गेली. तो कोर्टात गेला. १९२४ साली अपिलात कोर्टाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि ग्राहकाची गोष्ट बँकेने कधी सांगावी याचे चार अपवाद घालून दिले : कायद्याने भाग पाडले तर, लोकहितासाठी सांगणे कर्तव्यच असेल तर, बँकेच्या स्वतःच्या हिताचे असेल तर, आणि ग्राहकाची संमती असेल तर. हे चार अपवाद सांगणाऱ्या न्यायमूर्तींचे आडनाव बँक्स होते. मी बनवून सांगत नाही. त्या योगायोगामुळेच ते चारही मला आजतागायत तोंडपाठ आहेत.

१९९४ साली मी त्या कृष्णाकाठच्या शाखेत मॅनेजर होतो. बिऱ्हाड पुण्याला, मी गावात खोली घेऊन, आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक झाली की एस.टी.ने पुणे. अशाच एका शनिवारी घरी पोचलो तर साडू, मेव्हणी, सौ. असे सगळे माझी वाट पाहत बसलेले. इतकी माणसे माझी वाट पाहत बसण्याचा हा पहिलाच प्रसंग. मी आधी घरात कुणी आजारी आहे का ते पाहून घेतले. साडूंच्या मांडीवर वही होती.

साडूंची ही वही आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. भाचीचे लग्न जमवायला त्यांनी ती घातली होती. प्रत्येक स्थळाला एक पान, पानावर रकाने. शिक्षण, उंची, पगार, घरात माणसे किती, माणसांत आजार कोणते, आजारांत वंशपरंपरागत कोणते. टाटांनी जमशेदपूरला कारखाना काढण्याआधी एवढी पाहणी केली असेल की नाही मला शंका आहे.

“स्थळ आलंय,” साडू म्हणाले, “आणि कुठलं म्हणाल? तुमच्याच गावचं! भांडीवाल्यांचा मुलगा. मी म्हटलं, देवच पावला. चौकशीला लांब कशाला जायचं? घरचाच माणूस बँकेचा मॅनेजर!”

माझ्या टेबलाच्या डाव्या खणात त्या वेळी रीजनल ऑफिसचे एक पत्र होते. भांडीवाल्यांचे सी.सी. खाते थकले होते. माल पडून, उधारी बुडालेली, भागीदार अंग काढून बाजूला झालेला. पंधरा दिवसांपूर्वीच भांडीवाले माझ्यासमोर खुर्चीत बसले होते आणि टोपी काढून हातात धरून त्यांनी मला सगळे सांगितले होते. बायकोलाही सांगितले नाही असे म्हणाले होते. गावात त्यांना लोक ‘शेठ’ म्हणत. ती टोपी हातातल्या हातात फिरत होती, तेवढे माझ्या लक्षात राहिले.

“मुलगा चांगला आहे,” मी म्हणालो. हे खरे होते. दुकानाचा मालक असून बँकेत रांगेत उभा राहायचा.

“ते झालं. दुकान कसं आहे?”

मी खोकलो.

वाचकहो, तो खोकला साधा नव्हता. खोटे बोलायचे नाही आणि खरे सांगायचे नाही, अशा पेचात सापडलेल्या प्रामाणिक माणसाजवळ जे काही शिल्लक उरते ते सगळे मी त्या खोकल्यात घातले होते. त्यात थकलेले खाते होते, डाव्या खणातले पत्र होते, ‘जरा थांबा, घाई करू नका’ असेही होते. एक बँक दुसऱ्या बँकेला ग्राहकाविषयी असेच मोघम मत कळवीत असे, बिनसहीच्या कागदावर. ते वाचणाऱ्याला कळे. पण साडू ही काही बँक नव्हती.

“पाणी आणा त्यांना,” साडू म्हणाले.

पाणी प्यालो आणि पुन्हा खोकलो. या खेपेला जास्त अर्थपूर्ण. मेव्हणीने उठून ज्येष्ठमधाची काडी आणून दिली. साडूंनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे काळजीने पाहिले आणि म्हणाले, “नदीकाठची हवा. दमट असणारच. आपल्या मुलीला मानवेल ना?” आणि त्यांनी वहीत ‘हवापाणी’ असा नवीन रकाना आखला.

त्या रात्री मला झोप आली नाही. पोराच्या पुस्तकात काय ते आतून आणि बाहेरून असे दिले आहे ना, ते मला त्या रात्री अगदी उलटे होऊन भेटले. ‘आपल्या माणसाला खड्ड्याकडे जाताना पाहून गप्प बसू नये’ ही माझ्या आईने शिकवलेली नीती. ती काही आतून बोलत नव्हती. ती माजघरातून बोलत होती, मेव्हणीच्या आवाजात, साडूंच्या वहीतून. तिच्या बाजूला सगळे घर होते. आणि बाहेरून आलेला म्हणतात तो छापील कागद, ज्याच्यावर मी न वाचता सही केली होती, तो मात्र माझ्या एकट्याच्या छातीवर बसला होता. त्याच्या बाजूने बोलायला त्या घरात कुणीच नव्हते. ज्याने बोलायचे तो मनुष्य ऐंशी मैलांवर टोपी उशाशी ठेवून झोपला असेल किंवा नसेल. मला तेव्हा असे वाटले – आजही थोडेफार तसेच वाटते – की घरची नीती ही समोर बसलेल्या माणसासाठी असते आणि ही दुसरी, कागदावरची, समोर नसलेल्या माणसासाठी. समोर नसलेल्याची बाजू सहजासहजी सुचत नाही, म्हणून ती आधीच छापून त्यावर सही घेतात.

आता हे वाचून कुणी मला हरिश्चंद्राच्या पंगतीला बसवू नये. एक तिसरीही गोष्ट होती आणि ती म्हणजे भीती. ही गोष्ट मी फोडली असे कळले तर नोकरीवर येईल, ही साधी कारकुनी भीती. त्या रात्री तत्त्व किती होते आणि भित्रेपणा किती, याचा ताळा मी पुष्कळदा मांडला. अजून जुळलेला नाही. काही पैशांचा फरक राहतोच.

मे महिन्यात लग्न झाले. मी मुलीकडचा म्हणून वरातीच्या स्वागताला उभा होतो. भांडीवाल्यांनी माझ्या गळ्याला गळा लावून भेट घेतली तेव्हा त्यांचे हात थंडगार होते, मे महिन्यात. आमच्या सौ.ने भाचीला पाटल्या केल्या होत्या. बँकेतून घरबांधणीसाठी साठवलेले पैसे काढून केल्या होत्या, म्हणून वजनासकट माझ्या लक्षात आहेत.

लग्नानंतर सोमवारी मी वरच्या ऑफिसला पत्र लिहिले, की सदर कर्जदाराशी माझा आता नातेसंबंध झाला असल्याने हे प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवावे. उत्तर आठ महिन्यांनी आले : ‘आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.’ तोपर्यंत माझ्याच भाचीच्या सासऱ्याला माझ्याच सहीने दोन नोटिसा गेल्या होत्या. दुसरी नोटीस गेली त्याच आठवड्यात त्यांच्याकडून आमच्याकडे आंब्याची पेटी आली. ती परत करावी तर नात्याला अपमान, ठेवावी तर नोकरीला. शेवटी सगळ्या शाखेला आंबे वाटले आणि प्यूनकडून मोजून पावती घेतली. त्या पावतीचे सौ. अजून नाव काढते.

वर्षाच्या आत दुकान विकले गेले.

१९९६च्या संक्रांतीला सौ. भाचीकडे हळदीकुंकवाला गेली होती. रात्री परत आली ती काही बोलेना. मी तिळगूळ खात होतो.

“तिच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत,” ती म्हणाली. “नुसत्या काचेच्या. पाटल्या गेल्या.”

मी तिळगूळ खाली ठेवला.

“तुम्हाला माहीत होतं?”

या प्रश्नाला खोकून चालले नसते. मी ‘हो’ म्हणालो.

“लग्नाच्या आधी?”

“हो.”

मग मी तिला सगळे समजावून सांगितले. प्रतिज्ञा, तेरावे कलम, १९२४ साल, चार अपवाद. असे मुद्देसूद मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “त्या टूर्नियेला मेव्हणी होती का हो?”

त्यावर लॉ रिपोर्टात काही नव्हते.

पुढे जवळजवळ महिनाभर आमच्या घरात अबोला होता असे म्हणता येणार नाही. वेळेवर जेवण मिळे, शनिवारी दार उघडले जाई. फक्त पानावर बसल्यावर ‘अजून वाढू का?’ हा प्रश्न बंद झाला. ज्याने तो कधी ऐकला नाही असा नवरा बंद झाल्याचे दुःख जाणणार नाही.

त्या मुलाने मात्र कमाल केली. सहकारी साखर कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागला. भाचीने घरी शिकवण्या धरल्या. राहत्या घराचा पुढचा भाग भाड्याने दिला. हप्ते बांधून घेतले, ते टूर्नियेसारखे चुकवले नाहीत. सगळे फिटायला १९९९ उजाडले. मी तोवर बदलून दुसरीकडे गेलो होतो, पण खाते बंद झाल्याचे तिथल्या हेड कॅशियरने मला फोन करून कळवले. (हीही गुप्ततेच्या प्रतिज्ञेत बसणारी गोष्ट नव्हे. पण मी त्याला रागावलो नाही.)

पुढच्या वर्षी भाचीला मुलगा झाला. बारशाला घर भरले होते. पाळण्याची गाणी झाली, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि भांडीवाले एकदम उभे राहिले. चारचौघांसमोर म्हणाले, “हे लग्न ठरलं तेव्हा मी बुडालेला होतो. कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त या मॅनेजरसाहेबांना माहीत होतं. मला रोज वाटायचं, आज हे सांगणार, उद्या सांगणार. यांनी नाही सांगितलं.” असे म्हणून त्यांनी मला नमस्कार केला. तेव्हापासून मी ही गोष्ट सांगायला मोकळा झालो : अपवाद चौथा, ग्राहकाची संमती.

माणसे डोळे पुसत होती. साडूसुद्धा. मलाही हुंदका दाटला. त्यात थोडा अभिमान मिसळलेला होता, खोटे कशाला बोलू? तेवढ्यात भाची पाळण्याची दोरी दुसरीच्या हातात देऊन माझ्याजवळ आली.

“काका,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही सांगितलं असतं तरी मी यांनाच हो म्हटलं असतं. पण मग ते मी म्हटलं असतं.”

आणि घुगऱ्यांची वाटी माझ्या हातात देऊन निघून गेली.

पंचवीस वर्षे झाली. एवढी परीक्षा दिलेला मी, पण या वाक्याला अजून उत्तर सापडलेले नाही. सासऱ्याचे गुपित सासऱ्याचे होते हे मी सांभाळले. पण जन्म तिचा होता, आणि त्या रात्री समोर नसलेल्यांत तीही होती, हे माझ्या हिशेबात आलेच नव्हते. चौकशी साडूंनी केली, खोकलो मी, ज्येष्ठमध मेव्हणीने दिला. तिला आत पोहे करायला बसवले होते.

तर पुढचा रविवार आला. भावी कलेक्टर आला, पानावर बसला आणि पहिल्या घासालाच म्हणाला, “उदाहरण?”

बारशाला हा पाळण्यात होता आणि पुढे आमच्यात तो विषय कुणी काढला नाही, त्यामुळे त्याला काही माहीत नव्हते. मी म्हटले, “लिहून घे. केस स्टडी. तुम्ही एका बँकेचे शाखाधिकारी आहात.” त्यांच्या पेपरात प्रश्नाची सुरुवात अशीच असते, समोरच्याला एकदम अधिकारी करून टाकतात. मग मी सगळे सांगितले. भांड्यांचे दुकान, डावा खण, टोपी, साडूंची वही. खोकला तेवढा वगळला. सौ. स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज मधेच थांबला तो मला ऐकू आला.

“सोपं आहे,” तो म्हणाला.

“सोपं?”

“ऑप्शन एक, नातेवाइकांना सांगायचं : गुप्ततेचा भंग. ऑप्शन दोन, गप्प बसायचं : मुलीवर अन्याय. ऑप्शन तीन,” इथे त्याने लोणच्याची फोड चाटली, “मॅनेजरने त्या दुकानदारालाच जाऊन भेटायचं. म्हणायचं, शेठ, मी तुमचं गुपित सांगणार नाही, पण मुलीकडे तुम्ही स्वतः सांगा. ती माझी भाची आहे. तो सांगेल. नाही सांगितलं तर निदान त्याला कळेल की आपण काय करतोय. कस्टमरची संमती घेतली की सगळंच सुटतं ना!”

मी घास खाली ठेवला. एस.टी.ने जाऊन त्या दुकानाची पायरी चढायला खोलीपासून सात मिनिटे लागली असती. चौथा अपवाद मला तोंडपाठ होता. बँक्स साहेबांच्या नावासकट.

“बरोबर आहे ना, आजोबा?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “किती शब्द झाले?”

त्याने वहीत बोट फिरवत मोजले. “एकशे बेचाळीस. आठ शिल्लक आहेत. पण खऱ्या मॅनेजरने काय केलं हो शेवटी? ते एका ओळीत टाकतो.”

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून खोकल्याचा आवाज आला. एकदा, आणि मग थोडे थांबून पुन्हा एकदा.

“मावशीआजी,” तो पानावरून ओरडला, “पाणी देऊ का?”